करच नाही, तर वाचवायचं काय?

सरकारचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, देऊळघाटचं मृगाला. जूनचा पहिला आठवडा उलटला की पैनगंगेकाठच्या या गावात घरोघरी अर्थसंकल्प मांडला जातो आणि सगळ्या मागण्या एकाच पंधरवड्यात पटलावर येतात. सोयाबीनची बॅग, डीएपीची गोणी, धाकट्याचं दप्तर, मोठ्याचा बुलढाण्याचा एसटी पास, आणि घरात बारावी झालेलं कुणी असलं तर त्याच्या पुढच्या कॉलेजची फी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. हे मुलांच्या तब्येतीसाठी आहे असं शिक्षण खातं म्हणतं. आमच्याकडच्या बापांना त्यातली खरी सोय वेगळी वाटते: बियाणं आणि दप्तर यांच्यात दोनेक आठवड्यांचं अंतर पडतं. एवढी बिनव्याजी मुदत आजवर कुठल्याच बँकेनं दिलेली नाही.

पुण्या-मुंबईचे सल्लागार सांगतात, पैशाचे तीन कप्पे करा. एक मुलांच्या शिक्षणाचा, एक आपल्या म्हातारपणाचा आणि एक कराचा. पहिल्या तारखेला तिन्हींत थोडं थोडं टाकत जा. सल्ला उत्तमच आहे. फक्त तो देणाऱ्यानं आधी पगार गृहीत धरलाय, मग पहिली तारीख गृहीत धरलीय आणि शेवटी कप्प्यात हात न घालणारे नातेवाईक गृहीत धरलेत. आमच्याकडे कप्पा एकच असतो. त्यात पैसे पडायच्या आधी मेहुण्याचं लग्न पडतं.

देऊळघाटहून बुलढाणा जवळच. पण काळी-पिवळीत बसलं की उतरेपर्यंत एखाद-दुसऱ्या घराचं आर्थिक नियोजन पूर्ण कानावर पडतं. शेजारी बसलेले एक गृहस्थ मुलाला अकोल्याला नीटच्या क्लासला घालायच्या विचारात होते. फी सांगितली होती एक लाख वीस हजार. शहरातला माणूस असा आकडा ईएमआयमध्ये फोडतो. यांनी तो क्विंटलमध्ये फोडला.

"चार हजारानं धरा. तीस क्विंटल झालं."

मग क्विंटलाचे एकर झाले. "एकरी सहा पडते. म्हणजे पाच एकर क्लासले."

मागच्या सीटवरून विचारणा झाली, "अन् राह्या-खायाचं?"

"तूर."

इतकं मुद्देसूद उत्तर मी अर्थसंकल्पावरच्या टीव्ही चर्चेतही ऐकलेलं नाही. एका शहाण्यानं मध्येच तोंड घातलं की २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झालाय, मग चार हजार का धरता? सगळी गाडी हसली. चालकसुद्धा हसला, त्यानं तर मागे वळून त्या माणसाला नीट बघून घेतलं. हमीभाव धरून हिशोब मांडणाऱ्याच्या नावावर सातबारा नसणार, हे आमच्याकडे न विचारता कळतं.

मुलीच्या शिक्षणाचा हिशोब मात्र गेल्या काही वर्षांत उलटा झालाय, आणि तो अजून घराघरांत पचायचाय. २०१५ च्या जानेवारीत सुकन्या समृद्धी योजना आली. दहा वर्षांच्या आतल्या मुलीचं खातं, वर्षाला कमीत कमी अडीचशे रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मिळायचं. व्याज २०२४ पासून ८.२ टक्के. पोस्टातल्या छापील पत्रकात उद्देश लिहिलाय शिक्षण आणि लग्न. पत्रक घरी येईपर्यंत त्यातलं शिक्षण वाटेतच कुठेतरी उतरतं. सगळं घर त्याला लग्नाचंच खातं म्हणतं. मुलगी अठरा वर्षांची झाली, तिला नर्सिंगला जायचं असलं की नियमानं शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. पण पोस्टमास्तरांची ना नसते, ती आजीची असते. "ते लग्नाचं हाय, त्याले हात लावू नको." आजीची सही कुठल्याच अर्जावर लागत नाही, तरी तिच्यावाचून एकही अर्ज पुढे सरकत नाही.

त्यातच २०२४-२५ पासून राज्य सरकारनं केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गातल्या मुलींची शिक्षण शुल्कं पूर्ण माफ केली. त्यामुळे घरात पोरगा आणि पोरगी बरोबरीच्या वयाचे असले की बाप कागद घेऊन बसतो आणि हळूहळू त्याचा चेहरा बदलत जातो. पोरीची इंजिनिअरिंगची फी शून्य, पोराची पाच एकर. जन्मापासून जी खर्चाच्या बाजूला मांडली होती, ती एका शासन निर्णयानं जमेच्या बाजूला आली. काही बाप हे मोकळेपणानं कबूल करतात. बाकीचे म्हणतात, "पोरगी हुशारच होती पह्यलेपासून."

म्हातारपणाचं नियोजन हा त्या मानानं सोपा विषय, कारण ते कुणी करत नाही. गावात शिलाईचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांना मी एकदा पेन्शनचं विचारलं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि माझी कीव केली. "मास्टर, तीन बेटे है मेरेकू. और पेन्शन क्या होती है?" एक पुण्याला, एक सुरतेला, एक सौदीत. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका असं सल्लागार सांगतात. चाचांनी टोपल्या तीन राज्यकर्त्यांच्या हद्दीत ठेवल्या होत्या, त्यातली एक तर परकीय चलनातली. बरीच वर्षं परतावा चांगला होता. मग तिघांची मुलं शाळेत गेली. पुण्याची फी पुण्याच्या भावानं, सुरतेची सुरतेच्या. तिन्ही मनिऑर्डरींना एकाच वर्षी उशीर होऊ लागला. चाचांनी शिलाई मशीनला तेल घातलं आणि पुन्हा कामाला बसले. मुलांबद्दल ते एक शब्द वाकडा बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "बाजार गिरा हुआ है."

खरी निवृत्ती गावात गुरुजींनाच, आणि तीही सगळ्या गुरुजींना नाही. १ नोव्हेंबर २००५ या तारखेनं आमच्या शाळांमध्ये जी फाळणी केली तिच्याइतकी स्वच्छ फाळणी जगात कुठे झाली नसेल. त्याआधी नोकरीला लागले ते जुन्या पेन्शनचे. नंतर लागले ते अंशदायीवाले, म्हणजे आताचे एनपीएसवाले: पगारातून १० टक्के कापायचे, सरकारनं १४ टक्के घालायचे, आणि निवृत्त झाल्यावर साठलेल्या रकमेतल्या निदान ४० टक्क्यांची पेन्शन स्वतःच विकत घ्यायची. दोघंही एकाच फळ्यावर शिकवतात, एकाच चुलीवरची खिचडी चाखून मुलांना वाढतात. पण मधल्या सुट्टीत जुने पेपरातलं शब्दकोडं सोडवतात आणि नवे त्याच पेपरात निर्देशांक बघतात. मुलगी बघायला गेलेल्यांना पूर्वी विचारलं जायचं, पर्मनंट का? आता विचारतात, जुनी का नवी?

मार्च २०२३ मध्ये राज्यभरातले कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले, आठवडाभरानं परत आले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली, पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय द्यायचा. असे राज्यात साधारण २६ हजार. झालं! घराघरांतल्या पेट्या माळ्यावरून खाली आल्या. जाहिरात कुठल्या पेपरात आली, किती तारखेला आली, कात्रण कुणी ठेवलंय? एका गुरुजींच्या आईनं तो पेपर फडताळात डब्यांखाली अंथरला होता. हळदीचा पिवळा डाग, तेलाचं एक कडं आणि त्या कड्याच्या मधोमध जाहिरात, तारखेसकट. गुरुजी तीन हजार रुपयांवर शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हापासून त्यांनी विमा घेतला, आवर्त ठेव केली, भिशी लावली, एका पतसंस्थेचे शेअर्स घेतले. त्या सगळ्यांची बेरीज या अंथरलेल्या पेपरापुढे किरकोळ ठरली. कागद लगेच लॅमिनेट झाला, पण डाग मात्र तसाच राहू दिला, कारण पुसायला गेलं तर तारीख जायची भीती. गुंतवणुकीच्या पुस्तकांत सोनं, जमीन, शेअर, रोखे असे प्रकार सांगतात. रद्दीचं नाव कुणी घेत नाही.

आता कर. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही हे सगळ्या देशाला माहीत आहे आणि शहरातल्यांना ते जरा जास्तच माहीत आहे. नोकरीवाल्याची शेती असली तर त्यात एक मेख असते: शेतीचं उत्पन्न वर्षाला पाच हजारांच्या वर गेलं, तर कर त्यावर लागत नाही, पण पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते जमेस धरतात. हे मी एका गुरुजींना समजावून सांगितलं. ते घाबरतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट मोठ्या आशेनं विचारलं, "म्हणजे पाच हजाराच्या वर जाते कोणाचं?"

खरी मजा मार्चमध्ये असायची. ८०सी! सबंध आयकर कायद्यात शाळेतल्या शिपायापासून केंद्रप्रमुखापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असलेलं हे एकमेव कलम. फेब्रुवारी लागला की विम्याचे एजंट शाळेच्या व्हरांड्यात दिसू लागत. त्यांच्याकडे प्रत्येक गुरुजीचा हिशोब तयार असे, बायकोला ठाऊक नसेल इतका बारीक. "सर, जीपीएफ धरला, जुने हप्ते धरले, पोराची ट्यूशन फी धरली. दीड लाखाले अजून बावीस हजार कमी पडतात." हे 'कमी पडतात' ऐकलं की गुरुजींच्या पोटात गोळा येई. जणू बावीस हजारांची वसुली निघाली आहे आणि दारात जप्ती आली आहे. मग व्हरांड्यातच टेकून सही. पॉलिसीचं नाव काय, मुदत किती, मिळणार काय, हे विचारायची पद्धत नव्हती. टॅक्स वाचला ना? संपलं. एकेका गुरुजीच्या कपाटात अशा पाच-सहा पॉलिश्या आहेत. त्यांतल्या दोन कधी पिकणार हे फक्त एजंटला ठाऊक आहे आणि तो आता गावचा उपसरपंच आहे.

या पद्धतीची टर उडवणं सोपं आहे, पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे: या घरांमध्ये जी काही बचत झाली, ती या भीतीनंच झाली. मुलांच्या शिक्षणासाठी नाही, म्हातारपणासाठी नाही, सरकारला मिळू नये म्हणून. सरकारला न मिळालेले ते पैसे पुढे वीस वर्षांनी मुलाच्या होस्टेलला कामी आले, तो निव्वळ योगायोग.

मग १ फेब्रुवारी २०२५ उजाडला. निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत जाहीर केलं की नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. नव्या प्रणालीत ८०सीही नाही. सोमवारी शाळेत पेढे वाटले गेले. एजंटांनीही पेढा घेतला, पण तो त्यांच्या घशाखाली उतरताना दिसत होता. पुढच्या वर्षीच्या मार्चला व्हरांडा रिकामा. कुणाचेच बावीस हजार कमी पडेनात.

मग ते बावीस हजार गेले कुठे? एकाच्या घरी भिंतीएवढा टीव्ही आला. एकानं दुचाकी बदलली. एकाच्या मेहुण्याचं, अर्थातच, लग्न निघालं. अर्थमंत्र्यांनी मध्यमवर्गाच्या हातात पैसा ठेवला, मध्यमवर्गानं तो हातात ठेवला नाही. आणि जुन्या पॉलिश्यांचे हप्ते मात्र चालूच आहेत. कर गेला, हप्ता राहिला.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही फार वेगळं चालत नाही. न्यू जर्सीतला माझा एक भाचा सांगतो, तिकडे मुलाच्या कॉलेजसाठीच्या खात्याला ५२९ म्हणतात आणि म्हातारपणाच्या खात्याला ४०१(के). दोन्ही तिथल्या करकायद्याची कलमं. म्हणजे न्यू जर्सी काय आणि देऊळघाट काय, बापाला पोराच्या शिक्षणाची आठवण कलमाचा नंबर सांगूनच करून द्यावी लागते. आमच्याकडे १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू, त्यात ८०सीचं झालं कलम १२३. एजंट म्हणतो, "नंबर बदलला सर, माणूस तोच हाय."

कर गेल्यावर एजंटांची जागा म्युच्युअल फंडवाल्यांनी घेतली. एसआयपी हा शब्द आता आमच्या पानटपरीवरही उच्चारला जातो. पण आमच्या जिल्ह्याला भविष्य सांगणारा नवीन नाही. घाटाखाली जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेला तिथे शेतात घट मांडतात: मधोमध खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पुरी, पापड, करंजी, पानविडा, भोवती अठरा धान्यं. रात्रभर कुणी तिकडे फिरकत नाही. सकाळी काय हललं, काय ओलं झालं ते बघून पीकपाण्यापासून राजाच्या गादीपर्यंतचं भाकीत. यात करंजी म्हणजे देशाची तिजोरी. अंधश्रद्धा निर्मूलनवाले याला आधार नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पण जाहिरातीच्या शेवटी 'बाजारातील जोखमीच्या अधीन' हे वाक्य ज्या वेगानं म्हणतात, तो ऐकला की वाटतं, भेंडवळचे महाराज निदान सावकाश बोलतात. आणि तिथे पाणी पिऊन निघाल्यावर 'कागदपत्रं काळजीपूर्वक वाचा' असं कुणी म्हणत नाही.

एवढ्या सगळ्यात जिनं कुठलं कलम पाठ केलं नाही, फॉर्म १६ कधी पाहिला नाही, ती गुरुजींची बायको कुठे बसते? सोन्यावर. वर्षाकाठी एखादी अंगठी, दिवाळीला एखादं वेढणं, भिशी लागली की बुलढाण्याच्या सराफाकडे फेरी, चांदी घ्यायची झाली तर खामगाव. गुरुजी दर वेळी म्हणायचे, हा पैसा निष्क्रिय पडून राहतो, याला व्याज नाही. २००० साली तोळा साडेचार हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो लाखाच्या पुढे गेला. गुरुजींच्या पॉलिश्या साधारण पाच-सहा टक्क्यांनी चालल्या आहेत. परवा मुलाच्या प्रवेशाला रक्कम कमी पडली, तेव्हा गुरुजींनी घसा खाकरून, दागिना मोडायचा का, असं विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मोडायचा कायले? तारण ठेवू. तुमच्या पॉलिशीवर मिळते का पहा आधी कर्ज." मिळतं. पॉलिसीवर कर्ज मिळतं हे एजंटानं कधी सांगितलं नव्हतं, कारण गुरुजींनी कधी विचारलं नव्हतं.

त्या घरातलं नियोजन आता बाईंकडे आहे. त्यांनी ठरवलंय की मुलाचं शैक्षणिक कर्ज मुलाच्याच नावावर काढायचं आणि नोकरी लागल्यावर त्यानंच फेडायचं. "शिकाले बँक पैसे देते. म्हातारपणी कोणती बँक दारात उभी करते आपल्याले?" गुरुजींचा यावर आक्षेप होता, पण तो मांडेपर्यंत अर्ज भरून झाला होता. दुसरं, त्यांनी गुरुजींच्या नावावर पीपीएफ उघडायला लावलं. नव्या करप्रणालीत त्यावर वजावट नाही, मग फायदा काय, असा गुरुजींचा प्रश्न होता. बाईंचं उत्तर असं की पैसा पंधरा वर्षं सहज हाताशी येत नाही, एवढाच फायदा पुरे आहे. कुणी मागायला आलं तर 'अडकलेत' म्हणता येतं आणि ते खोटंही नसतं.

वाचकांपैकी कुणाला असंच अडकवून घ्यायचं असेल, तर पीपीएफचं व्याज २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि नव्या प्रणालीतही ते करमुक्तच आहे. कर्जापोटी कोर्टाची जप्ती त्या खात्यावर येत नाही. पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा. सहा तारखेला भरलेल्या रकमेला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.